लोणच्याचा आकडा

होळी झाली की नंदुरबारात इथर बाटलीत राहत नाही, हे मला मुंबईच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे ते टेबलावर गुमान बसून असायचं. इथे सकाळचे नऊ वाजले की बूच आपोआप उडायचं आणि दहापर्यंत अर्धी बाटली हवेत गेलेली असायची. मी बाटलीला ओलं पोतं गुंडाळून पाहिलं, माठात बुडवून पाहिलं, आणि शेवटी पहाटे उठून उन्हाच्या आधी काम उरकायला लागलो. इथरचा आणि माझा स्वभाव एकच, असं आमची ताई म्हणाली असती, तिला इथर म्हणजे काय ते ठाऊक असतं तर. लहानपणापासून ती मला एकच बोलायची, "बस ना रे एक जागे. बठाले काय काटा टोचतस?"

लढाईचे दिवस होते. मुंबईतली माणसं बॉम्बच्या भीतीनं गावोगाव निघून जात होती, त्या लोंढ्यात मीही घरी परतलो होतो. स्टेशनच्या पलीकडे एक तेलगिरणी होती. तिच्या मालकानं लष्कराला लोणच्याचे आणि वाळवणाचे डबे पुरवायचं काम घेतलं होतं, आणि माल तपासायला शिकलेला माणूस हवा अशी कागदात अट होती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला आणि वर रिकामा असा नंदुरबारात मी एकटाच. मालकानं मला सरकीचं जुनं गोदाम दिलं, एक तराजू दिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "हा आमचा केमिस्ट" म्हणून दाखवायला सुरुवात केली.

गोदामाच्या मागच्या बाजूला मिरचीच्या पथाऱ्या. जिकडे पाहावं तिकडे जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली. वारा सुटला की अख्खं गाव शिंकायचं. दुसऱ्या बाजूला, माझ्या दाराला लागूनच, डब्यांना कथलाचा डाग देणारे चाचा बसायचे. साठीचे गृहस्थ, तीन पिढ्यांचा टिनाचा धंदा. शेगडीवर खंतीचं टोक तापवून ते डब्याची शिवण एका दमात बंद करायचे आणि मान वर न करता माझ्या येरझाऱ्या मोजायचे. "साहेब, आज सुबह से ये सोलवां चक्कर है," असं म्हणायचे आणि पुढचा डबा घ्यायचे.

माझं काम सोपं होतं. लोणच्यात मीठ किती, आंबटपणा किती, तेल खवट झालंय का. ई जीवनसत्त्व मोजायला मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते माझं खासगी वेड होतं.

कॉलेजात असताना आमच्या प्राध्यापकांनी एकदा उंदरांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. खाण्यात ई जीवनसत्त्व नसलं तर उंदरीण गाभण राहते, चांगली धडधाकट दिसते, पण पिलं पोटातच मरतात. मग तिला गव्हाच्या अंकुराचं तेल द्यायचं, की पुढच्या खेपेला पिलं जगतात. सर हे सहज सांगून फळा पुसायला लागले. मी मात्र बाकावरून उठलो आणि तास अर्धा टाकून बाहेर पडलो. संध्याकाळपर्यंत चालत होतो. कुठे गेलो ते आठवत नाही.

कारण ताईची तीन गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, दोन पाचव्यात.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तापीपलीकडे, प्रकाशा गावाहून तीन कोसांवर दिलेली. घर खाऊनपिऊन सुखी, दोन विहिरी, म्हशी, कापूस. दाजी म्हणजे तिचा नवरा, स्वभावानं चांगला, पण आईसमोर तोंडातून शब्द न काढणारा. आणि सासू. सासूला मी मावशी म्हणायचो. मावशी दुष्ट नव्हती, हे आज मी म्हणू शकतो; तेव्हा म्हटलं नसतं. तिला एकच मुलगा होता आणि त्या मुलाला मूल नव्हतं, एवढंच तिला दिसायचं. तिसऱ्या वेळेनंतर तिनं ताईला लोणच्याच्या बरणीला हात लावायला बंदी केली. वाळवणं घालायला गल्लीतल्या बायका जमल्या की ताईनं आत बसायचं. जिच्या पोटात टिकत नाही तिच्या हाताखालचं बरणीतही टिकणार नाही, असा हिशेब.

त्या वर्षी ताईला पुन्हा दिवस गेले होते. होळीला तिसरा महिना चालू होता. मी भेटायला गेलो तर तिनं मला गोठ्यामागे नेलं आणि सांगितलं, "भाऊ, शिरपूरकडली एक पोर देखी ठेयेल शे. आखाजीलोंग वाट देखतीन. आते बी नही टिकनं तं तिले लयतीन." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तोवर टिकलं नाही तर नवी बायको आणायची. हे ती ज्वारीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली. मला इतका संताप आला की मी गोठ्याच्या खांबाला लाथ मारली आणि आठ दिवस लंगडत होतो.

निघताना मी त्या घरातलं जे जे साठवणीचं म्हणून होतं ते थोडं थोडं मागून घेतलं. कैरीचं लोणचं, कुरडया, ज्वारीचे बिबडे, वाळलेल्या गवारीच्या शेंगा, सांडगे. त्या दिवशी मावशी अंगणात कुरडयांचा गहू वाटत होती. तीन दिवस भिजवलेला गहू, त्याचं दूध पिळून निघालं की पांढरा चीक कुरडयांना आणि राहिलेला चोथा म्हशीच्या घमेल्यात. मी जाता जाता चोथ्याचीही मूठ घेतली. मावशी हसली. "म्हैसनं खानं बी तपासशी का रे?" मी म्हटलं, "तपासतो. तुमच्या घरात म्हैस बरी विते ना दरवर्षी." ते बोलणं तिला झोंबलं. मला बरं वाटलं.

माझ्याकडे एक छोटी तपकिरी बाटली होती. डायपिरिडिल नावाची पांढरी पूड. सरांनी निरोप घेताना दिलेली; लढाईमुळे ती कुठे मिळत नव्हती. लोणच्याचं तेल घ्यायचं, कॉस्टिकमध्ये शिजवून त्याचा साबण करायचा, साबण न झालेलं जे उरतं ते इथरनं धुऊन काढायचं, आणि त्यात ही पूड आणि लोखंडाचा एक क्षार घालायचा. ई असेल तर नळीत लाल रंग येतो. जितकं ई जास्त, तितका लाल गडद. शेजारी ठरलेल्या लालीच्या नळ्या ठेवायच्या आणि डोळ्यानं जुळवायचं. उजेड चालत नाही, म्हणून मी गोदामाच्या खिडक्यांना पोती ठोकली होती आणि एका फटीतून येणाऱ्या उजेडात नळ्या पाहायचो.

कुरडईची नळी पाण्यासारखी राहिली. बिबड्याची किंचित गुलाबी. गवारीची तशीच. चोथ्याची बऱ्यापैकी लाल झाली, मी "हं" म्हटलं आणि बाजूला ठेवली. मग लोणच्याची नळी.

ती इतकी लाल झाली की माझ्याकडची सगळ्यात गडद नळीही तिच्यापुढे फिकी. द्रावण पातळ केलं, पुन्हा पाहिलं. पुन्हा पातळ केलं. चोथ्याच्या वीसपट. मी कागदावर आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि गोदामातून ओरडतच बाहेर आलो. चाचांच्या हातातली खंती शेगडीत पडली. ज्यासाठी पंडित लोक गव्हाचे अंकुर पिळत बसले होते ते आमच्या घराघरातल्या बरणीत भरलेलं होतं, आणि माझ्या बहिणीला त्या बरणीला हात लावायला बंदी होती! हे मी चाचांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बैठो तो सही." मी कुठला बसतो. मालकाला न विचारता सायकल काढली.

नंदुरबार ते तापी, नावेतून पलीकडे, तिथून पुन्हा सायकल. दुपारच्या रणरणत्या उन्हात मी त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि पाणीही न पिता सांगितलं की ताईनं रोज दोन वेळा लोणच्याचं तेल खायचं. दोन दोन चमचे.

मावशी चाट पडली. "येडा व्हयना का, भाऊ? लोणचं गरम पडस. पोटुशी बाईले कोनी असं खावाले देस का?"

मग मी जे बोललो ते आठवलं की आजही माझे कान तापतात. मी तिला अडाणी म्हटलं. मुंबई, कॉलेज, लष्कर, सरकार, सगळं तिच्या अंगावर फेकलं. कागद काढून आकडा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन रेघा दिसल्या. "दोष पोरीचा नाही, मावशी," मी म्हटलं. "दोष खाण्याचा आहे. तुम्ही तिला बरणीपासून तोडलंत, आणि जे हवं ते बरणीतच होतं. हे मी नाही सांगत, हे मोजून निघालंय." दाजी ओट्यावर उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. आईला म्हणाले, "मोजेल शे म्हनस ना तो." बस, एवढंच. पण त्या घरात तेवढं पुरलं.

मावशीनं मुकाट्यानं एक लहान बरणी काढली, त्यात लोणचं भरलं, वर फडकं बांधलं आणि ती ताईच्या हातात दिली. मी सायकलवर बसताना ताई वेशीपर्यंत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "या घरमा मन्हाकरता काही तरी येगळं ठेवं, ते आज पहिल्यांदा," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते मला विचारू नका. जेवताना उठायचो. डबे तपासता तपासता तारखा मोजायचो. दर आठवड्याला नदीपलीकडून येणाऱ्या माणसाला गाठून विचारायचो. ताईचा निरोप यायचा: तोंड आलंय, छातीत जळजळतं, पण खाते आहे. आणि दुसरा निरोप: सासूनं यंदा तिला वाळवणाला बाहेर बसवलं. गल्लीतल्या बायकांमध्ये, पाटावर. शिरपूरचं नाव आता कुणी काढत नाही. मी हवेत होतो. सरांना लांबलचक पत्र लिहायला घेतलं होतं, त्यात स्वतःबद्दल जरा जास्तच होतं.

पत्र पुरं करायचं तर आकडा पुन्हा एकदा पडताळायला हवा, म्हणून चैत्राच्या शेवटी मी लोणच्याची तपासणी पुन्हा मांडली. साबण झाला, इथरनं धुऊन झालं. पूड अजून घातली नव्हती. नळी हातात घेऊन मी नेहमीप्रमाणे फिरत फिरत दारात आलो. चाचांनी मान वर केली.

"यह भी हो गया लाल?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "अजून औषध टाकायचंय."

"टाकायचंय?" चाचांनी नळीकडे पाहिलं, मग स्वतःचा हात पुढे केला. बोटांच्या पेरांना, नखांच्या कडांना लालसर केशरी रंग. गळक्या डब्यांचं तेल दिवसभर पुसून पुसून मुरलेला. "साहेब, ये तो मिरची का रंग है. मेरी उंगली देखो. साबुन लगाव, सोडा लगाव, जाता नहीं."

मी नळीकडे पाहिलं. नळी लाल होती. पूड न घालताच लाल होती.

आता सांगतो ती लाजेची गोष्ट. मी कोरी नळी लावली नव्हती असं नाही. पूड आणि क्षार घालून, लोणचं न घालता, एक नळी मी दर वेळी ठेवायचो. ती स्वच्छ राहायची. पण लोणचं घालून पूड न घातलेली नळी मी ठेवली नव्हती. ठेवायची असते हे मला माहीत होतं. मुंबईच्या किंवा बंगालच्या कुणा पोरानं हे तेल हातात घेतलं असतं तर त्याला पहिल्या क्षणी खटकलं असतं की हे आधीच लाल कसं. मला खटकलं नाही. मी जन्मल्यापासून तेल म्हणजे लालच पाहिलं होतं. भाजीवरचं तेल लाल, ठेच्याचं लाल, लोणच्याचं लाल. पाणी जसं रंगाचं वाटत नाही तसं मला तेल लाल वाटतच नव्हतं. नंदुरबारच्या माणसानंच करावी अशी ती चूक होती.

मी बाजारातून मुलतानी माती आणली, आम्लानं धुतली, फुटक्या काचेच्या नळीत दाबून भरली आणि लोणच्याचा तो अर्क तिच्यातून सोडला. मिरचीचा रंग सगळा वरच्या बोटभर मातीत अडकला. खालून स्वच्छ थेंब पडायला लागले. त्यात पूड घातली. फिकट गुलाबी. साध्या शेंगतेलात जेवढं असावं तेवढंही नाही. वर्षभर मुरताना होतं तेही गेलेलं. मग चोथ्याचा अर्क मातीतून सोडला. त्याची लाली होती तशीच राहिली; गव्हाचा अंकुर त्या चोथ्यातच उरत होता.

म्हशीच्या घमेल्यात जात होतं ते खरं होतं. माझ्या बहिणीच्या ताटात मी जे ठेवलं ते मिरचीचं तिखट होतं.

दोन दिवस मी सरांचं पत्र फाडत आणि पुन्हा लिहीत काढले. आखाजी चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो. मी मुऱ्हाळी म्हणूनच निघालो. आईनं दिलेलं नवं लुगडं सायकलला बांधलेलं, आणि खिशात दुसरा कागद, खऱ्या आकड्याचा. सगळ्यांच्या समोर चूक कबूल करायची, मावशीचे पाय धरायचे, लोणचं बंद करून चोथा सुरू करायला सांगायचं, असं ठरवलं होतं. पाचवा महिना लागला होता. अजून वेळ आहे, असं नावेत बसून मी नावाड्यालाही सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

अंगणात कुणी नव्हतं. दाजी गोठ्यात पाठमोरे उभे होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाठ केली. तेवढ्यानं मला कळलं.

दोन दिवसांपूर्वी झालं होतं. ताई मागच्या खोलीत खाटेवर पडली होती, चेहरा पिठासारखा. मी तिच्या उशाशी जमिनीवर बसलो. बसलो, आणि उठलो नाही. एरवी मला घटकाभर बसणं जमत नाही, त्या दिवशी उठायचं कसं ते आठवेना.

"ताई," मी हळूच म्हटलं, "माझा आकडा चुकला. लोणच्यात काही नव्हतं. तो मिरचीचा रंग होता. मी मूर्ख आहे." मी खिशातून कागद काढला. "मावशींना सांगतो आता. सगळं सांगतो."

तिनं डोळे उघडले. मला वाटलं रागावेल, मला तेच हवं होतं. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

"तो कागद खिसामा ठेव," ती म्हणाली.

"पण ताई, खोटं आहे ते."

"राहू दे खोटं." तिचा आवाज जेमतेम येत होता. "भाऊ, तुन्हा आकडा ऱ्हायना तं दोष लोणचाना. आकडा गया तं दोष मन्हा. समजनं का तुले?"

मला समजलं. आकडा खरा धरला तोवर उणीव खाण्यात, खोटा ठरला की तिच्या पोटात. समजलं आणि पटलं नाही. खोटा आकडा म्हणजे खोटा आकडा, त्याला वळसा नाही, हेच तर मी शिकलो होतो. आणि दुसरीही भीती होती: माझ्या लोणच्यानंच तर हे झालं नाही ना? ती भीती पुढे मी नंदुरबारच्या डॉक्टरांना विचारून पाहिली. ते म्हणाले, लोणच्यानं असं होत नाही हो. मी मान डोलावली. भीती गेली नाही.

इतक्यात मावशी दारात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता ती मला घराबाहेर काढणार. लोणचं गरम पडतं हे तिनं आधीच सांगितलं होतं, तिचंच खरं झालं होतं. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि केविलवाण्या आवाजात म्हणाली, "भाऊ, आपले उशीर व्हयना का? कितला दिन खावा लागी ते? तू मोजेल शे ना. सांग ना, कितला दिन?"

त्या क्षणी ती मला पहिल्यांदा म्हातारी दिसली. जिला मी अडाणी म्हटलं होतं ती माझ्या आकड्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवून बसली होती. ताई माझ्याकडे पाहत होती. कागद माझ्या मुठीत चुरगळला होता.

"एक वर्ष," मी म्हटलं. "पुरं वर्ष खायला हवं. आधीपासून. आपण उशिरा सुरू केलं."

माझाच आवाज मला परका वाटला. पण एकदा खोटं बोललोच आहे तर त्यात खरं कोंबून देऊ, असं काहीसं मनात आलं असावं. मी पुढे म्हटलं, "आणि लोणचं नुसतं नाही. नुसतं खाल्लं तर गरम पडतं, तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर होतं, मावशी. कुरडयांचा चोथा असतो ना, म्हशीला घालता तो? तो ताजा, भाकरीच्या पिठात मळून. लोणचं त्याला लावायला, बोटभर."

"चोथा?" मावशी म्हणाली. "म्हैसना?"

"तोच."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन दाजींना काहीतरी सांगितलं. शिरपूरला निरोप गेला की यंदा नको. ताईला घेऊन मी चार दिवसांनी घरी आलो. वाटेत नावेत ती माझा हात धरून बसली होती. मीही बसून होतो.

पुढच्या आखाजीनंतर ताईला दिवस गेले आणि माघात मुलगी झाली. जिवंत, रडकी, काळीसावळी. मुलगी झाली म्हणून मावशीनं तोंड वाकडं केलं नाही, गूळ वाटला. चोथ्यानं झालं का? मला माहीत नाही. उंदीर तो उंदीर, बाई ती बाई. कदाचित ती खेप टिकायचीच होती. कदाचित वर्षभर त्या घरात तिला कुणी घालूनपाडून बोललं नाही, त्याचा परिणाम असेल. ते मोजायची पूड माझ्याकडे नव्हती. सरांना पत्र मी कधी पाठवलं नाही, आणि तपकिरी बाटली लढाई संपायच्या आधीच रिकामी झाली.

पण मावशीचं तोंड कोण धरणार? लग्नात, बारशात, तापीच्या काठावर कपडे धुताना ती सांगत सुटली. नंदुरबारच्या गिरणीत आमच्या सुनेचा भाऊ आहे, तो बरणीत बघून सांगतो. चोथ्याची गोष्ट सांगताना ती गाळायची; म्हशीचं खाणं सुनेला घातलं हे बोलायला तिला कसंसं होई. राहिलं फक्त लोणचं आणि आकडा.

पहिली बाई आली तेव्हा लढाई संपून वर्ष झालं होतं. मी गोदामात खवट तेलाचे डबे बाजूला काढत होतो. दाराशी एक पंचविशीची बाई उभी, काखेत फडक्यानं बांधलेली बरणी. सहा कोसांवरून चालत आली होती, पायांवर धूळ. एकटीच होती. कशासाठी आली ते विचारावं लागलं नाही. मी तिला पाणी दिलं आणि मनाशी म्हटलं, आता पुरे. एका घरासाठी खोटं बोललो, त्याची अशी रांग लागू द्यायची नाही.

"बाई," मी म्हटलं, "खरं सांगतो, रागावू नका. या बरणीत तसलं काही नसतं. मोजायचं औषधही आता माझ्याकडे नाही. कुरडयांचा चोथा खा, त्यात थोडंफार असतं. पण लोणच्याचा आकडा खोटा होता. माझी चूक होती."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बरणी तिनं जमिनीवर ठेवली, माझ्या टेबलाकडे पाहिलं. तिथे डब्यांच्या चिठ्ठ्या लिहायची दौत आणि टाक पडलेला होता.

"लोणचामा काही नही ऱ्हास, ते मले बी समजस, भाऊ," ती म्हणाली. "मन्ही सासूले समजत नही. तू नुसतं कागदवर लिखी दे."

बाहेर चाचांची खंती थांबली होती. मी खोलीतून एक फेरी मारली, दुसरी मारली. ती तशीच उभी होती, घाई न करता. मग मी टेबलाशी बसलो आणि कागद पुढे ओढला.

"किती लिहू?" मी विचारलं.